रखवालदार आधी, पण टप्प्याटप्प्याने

चंदन नदीकाठच्या रामपायलीचा मी. नागपुरात सर्व्हर सांभाळतो. आमच्याकडच्या शेतकऱ्याचा खसरा, म्हणजे जमिनीचा उतारा, आता संगणकावरून निघतो, म्हणून हे लिहितोय.

अशा नोंदी सांभाळणाऱ्या डेटा सेंटरमध्ये एका मोठ्या यंत्रावर अनेक आभासी संगणक चालतात. त्यांची राखण करणारा छोटा आभासी संगणक, म्हणजे एजंट, प्रत्येक यंत्रावर हवा. व्हीएमवेअरच्या ‘ईएसएक्स एजंट मॅनेजर’मध्ये ही सोय आहे. यंत्रांच्या समूहात नवे यंत्र आले की एजंट आपोआप बसतो. तो सज्ज झाल्यावरच बाकीची कामे सुरू होतात आणि दुरुस्तीच्या वेळी तो शेवटी बंद होतो. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. हाताने बसवताना एखादे यंत्र सुटतेच, आणि घुसखोर नेमके तेच शोधतो.

मात्र आपोआप पसरणाऱ्या कामातली चूकही तशीच पसरते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले. आपल्याकडे विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहावे लागले.

म्हणून सरकारी डेटा सेंटरच्या निविदांत दोन अटी लिहाच: एजंट प्रोग्रामनेच बसवावा, आणि नवी आवृत्ती आधी मोजक्या यंत्रांवर चालवून मगच पुढे न्यावी.