भाव उतरतो, कर्ज उरते



"जमिनीचा भाव कधी उतरत नाही," हे वाक्य आपण गावच्या पारावर ऐकता आणि तालुक्याच्या कचेरीबाहेरही ऐकता. ह्या एका वाक्याच्या भरवशावर माणसे हातची दोन एकर जमीन गहाण टाकून शेजारची दोन एकर विकत घेतात. मी वकील आहे. गहाणखते वाचणे हा माझा रोजचा व्यवसाय आहे. सबब, हे वाक्य धादांत खोटे आहे, हे आपणांस सांगणे मी माझे कर्तव्य समजतो.

पुरावा आपल्याच मातीत आहे. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिकडील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांस मिळेनासा झाला आणि मुंबईच्या बाजारात कापसाचा भाव भडकला. काल ज्या रयतेस सावकार दारात उभे करीत नव्हता, तिलाच तो बोलावून कर्ज देऊ लागला. ही कृपा रयतेवर नव्हती, चढत्या भावावर होती. १८६५ साली युद्ध संपले, अमेरिकेचा कापूस पुन्हा बाजारात आला, भाव कोसळला आणि सावकाराने हात आखडला. त्याच सुमारास सरकारने फेरआकारणीत शेतसारा वाढविला. भाव गेला, पत गेली. उरला तो कर्जरोखा.

कायद्याने काय केले? १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने रोख्याचे आयुष्य तीन वर्षांचे ठरविले होते. व्याज साचत राहू नये, हा त्यामागील हेतू. परंतु सावकाराने दर तीन वर्षांनी नवा रोखा लिहून घेतला व थकलेले व्याज मुद्दलात मिळविले. रयतेच्या रक्षणासाठी केलेला कायदा रयतेच्याच गळ्यातील फास झाला. अखेर १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे लोकांनी सावकारांच्या वह्या आणि रोखे जाळले. चार वर्षांनी, १८७९ साली, सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा केला. रोख्यावरील आकडा डोळे मिटून न मानता व्यवहाराचा मुळापासून हिशेब तपासण्याचे काम त्याने न्यायालयांवर सोपविले आणि कर्जाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्यास तुरुंगात टाकण्यास बंदी केली.

ह्यावर कोणी शहाणा म्हणेल, "ती रयत अडाणी होती, लग्नकार्यात पैसा उधळीत होती." हा आरोप आपल्या वाडवडिलांनी पिढ्यान् पिढ्या ऐकला आहे. मग त्या शहाण्याने अमेरिकेतील आयोवा राज्याकडे पाहावे. तेथील शेतकरी शिकलेला होता, ट्रॅक्टर बाळगणारा होता, बँकेचे खाते स्वतः वाचणारा होता. १९७२ साली सोव्हिएत रशियाने अमेरिकेकडून प्रचंड धान्य खरेदी केले. भाव चढले. इंचन् इंच जमीन पेरण्याचा उपदेश खुद्द कृषिमंत्री अर्ल बुट्झ करीत होते. शेतकऱ्याने जमिनीवर कर्ज काढून जमीन घेतली. तिचा भाव वाढला की त्या भावावर आणखी कर्ज काढले. १९७० साली आयोवातील जमिनीचा सरासरी भाव एकरी ४१९ डॉलर होता. १९८१ साली तो २,१४७ डॉलरवर गेला.

मधल्या काळात, १९७९ च्या अखेरीपासून, महागाई रोखण्यासाठी मध्यवर्ती बँकेने व्याजाचे दर चढविले होते आणि जानेवारी १९८० मध्ये सरकारने रशियास जाणारे धान्य रोखले होते. १९८६ पर्यंत तोच एकर ७८७ डॉलरवर आला. भाव तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास उरला. कर्जाच्या कागदावरील आकडा मात्र एका डॉलरनेही आपोआप उतरला नाही. वाडवडिलांची शेते लिलावात गेली, शेतीस कर्ज देणाऱ्या कित्येक बँकाही बुडाल्या. आता सांगा, अडाणी कोण?

दोष अडाणीपणाचा नव्हता. पिकावर नव्हे, तर भावावर दिलेल्या कर्जाचा तो दोष होता. हिशेब सोपा आहे. समजा, एकर दहा लाखांस घेतला. खर्च वजा जाता पिकातून वर्षाला तीस हजार उरतात. दहा टक्क्यांनी व्याज एक लाख होते. उरलेले सत्तर हजार कोठून येणार? "पुढे भाव वाढेल," एवढेच त्याचे उत्तर असेल, तर ती शेती नव्हे, तो जुगार आहे. आणि डावावर लागली आहे ती आपल्या मुलांची भाकरी.

ज्या घरांत पिढ्यान् पिढ्या सातबाऱ्यावर नाव नव्हते, त्या घरांतील जमिनीची भूक मी जाणतो. ती भूक न्याय्य आहे, स्वाभिमानाची आहे. परंतु भाव शिगेला पोहोचल्यावर बाजारात शिरणारा तोच असतो आणि भाव कोसळल्यावर पहिली जप्ती त्याच्याच दारात येते. शेत केवळ एकरांवर मोजावयाचे नसते, भांडवल व अवजारे ह्यांच्याशी त्याचे प्रमाण पाहावयाचे असते, हे डॉ. बाबासाहेबांनी १९१८ सालीच आपल्या निबंधात मांडले होते. सारे भांडवल भाव फेडण्यात गेले, तर नांगरास आणि विहिरीस काय उरणार?

म्हणून दोन गोष्टी सांगतो. पहिली आपणांस: पिकातून व्याज व हप्ता फिटत नसेल, तर अंगठा उठवू नका, सहीही करू नका. दुसरी, कायदे करणाऱ्यांस: ज्याने भावावर कर्ज दिले, त्याने भाव पडल्याचा तोटाही वाटून घेतला पाहिजे. हे अशक्य नाही. अमेरिकेने १९८६ साली शेतकरी कुटुंबांसाठी दिवाळखोरीचा स्वतंत्र कायदा केला. जमिनीच्या आजच्या किमतीपुरतेच कर्ज तारणाचे मानावे आणि शेतकऱ्याने शेत कसत ते फेडावे, अशी सोय त्याने केली. २००५ साली तो कायम झाला. तेथे जे न्याय्य ठरले, ते येथे अन्याय्य का ठरावे?

दयेची कर्जमाफी मागू नका. हिशेबाचा न्याय मागा!