विश्लेषण : फळा ‘स्मार्ट’ झाला, शिकणेही झाले का?

जिल्हा परिषदेच्या शाळेत डिजिटल फळ्याचे उद्घाटन हा गेल्या दशकभरात राज्यभर नेहमीचा कार्यक्रम झाला आहे. कुठे शासनाच्या योजनेतून, कुठे ग्रामपंचायतीच्या निधीतून, तर कुठे गावकऱ्यांच्या वर्गणीतून पडदा, प्रोजेक्टर किंवा मोठे स्पर्शसंवेदी पॅनेल वर्गात आले. त्यापाठोपाठ आभासी प्रयोगशाळा आणि ‘व्हीआर’ चष्मेही शाळांच्या दारात उभे आहेत. या साधनांवर सार्वजनिक पैसा खर्च होत असताना त्यांचा मुलांच्या शिकण्याशी नेमका किती संबंध आहे, याचा हा आढावा.

संवादी फळा म्हणजे नेमके काय?

संवादी फळा म्हणजे संगणकाला जोडलेला आणि हाताने किंवा विशेष पेनने हाताळता येणारा मोठा पडदा. कॅनडातील कॅलगरीच्या ‘स्मार्ट टेक्नॉलॉजीज’ने १९९१ मध्ये ‘स्मार्ट बोर्ड’ बाजारात आणला आणि पुढे हे व्यापारी नावच या साधनाची ओळख बनले. सुरुवातीच्या प्रकारात प्रोजेक्टरचे चित्र पांढऱ्या फळ्यावर पडत असे आणि बोटाची किंवा पेनची जागा संगणकाला कळत असे. अशा फळ्याला अंधारी खोली लागते, शिक्षकाची सावली चित्रावर पडते आणि प्रोजेक्टरचा दिवा ठरावीक काळाने बदलावा लागतो. आता त्याची जागा मोठ्या दूरचित्रवाणी संचासारखी दिसणारी पॅनेल घेत आहेत. त्यांच्या चौकटीभोवती अवरक्त किरणांचे जाळे असते. बोटाने ते तुटले की स्पर्शाची जागा ठरते.

साध्या प्रोजेक्टरपेक्षा यात वेगळे ते एवढेच, की पडद्यावरचे चित्र हलवता येते, त्यावर लिहिता येते, लिहिलेले जपून ठेवून दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडता येते. त्रिकोणाचा एक शिरोबिंदू बोटाने ओढला, की तिन्ही कोन बदलतात, पण त्यांची बेरीज १८० अंशच राहते. खडूने हे दाखवायचे तर दहा त्रिकोण काढावे लागतात.

आभासी वातावरणात कशाचा समावेश होतो?

या नावाखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी येतात. पहिली, पडद्यावरील अनुरूपण म्हणजे सिम्युलेशन. नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेला ‘फेट’ प्रकल्प हे त्याचे गाजलेले उदाहरण. विद्युतमंडल जोडणे, लंबकाची लांबी बदलणे असे प्रयोग त्यात मोफत करता येतात आणि त्यातील अनेकांचे मराठी भाषांतरही उपलब्ध आहे. भारतात अमृता विश्व विद्यापीठम् आणि मुंबईच्या ‘सी-डॅक’ने शालेय विज्ञानासाठी ‘ओलॅब्ज’ हे व्यासपीठ तयार केले.

दुसरी, आभासी सहल. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये दहा लाख डॉलरचा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाला. पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोड हे त्यांचे काम सर्वाधिक गाजले. मात्र व्हिडीओ कॉलवरून परदेशातील वर्गांना आपल्या मुलांशी जोडण्याचा उपक्रमही त्यांनी केला. यासाठी महागडी यंत्रणा लागत नाही.

तिसरी, डोळ्यांवर चढवायच्या चष्म्यातून दिसणारे संपूर्ण आभासी जग, म्हणजे ‘व्हीआर’. सर्वाधिक चर्चा तिचीच होते आणि शाळांत सर्वात कमी वापरही तिचाच आहे.

सरकारी पातळीवर काय झाले?

केंद्र सरकारने १९८७ मध्ये ‘खडू-फळा मोहीम’ राबवली, तेव्हा प्रत्येक प्राथमिक शाळेला किमान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि मूलभूत साहित्य मिळावे हे उद्दिष्ट होते. फेब्रुवारी २०१९ मध्ये तत्कालीन मनुष्यबळ विकासमंत्री प्रकाश जावडेकर यांनी तिच्याच धर्तीवर ‘ऑपरेशन डिजिटल बोर्ड’ जाहीर केले. नववीपासून पुढच्या वर्गांत डिजिटल फळे पोहोचवण्याची ही योजना होती. समग्र शिक्षा अभियानात दोन स्मार्ट वर्गांसाठी शाळेला २ लाख ४० हजार रुपयांपर्यंत एकवेळचे अनुदान आणि आवर्ती खर्चासाठी वर्षाला ३८ हजार रुपयांची तरतूद आहे. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ग्रामीण भागातील सर्व सरकारी माध्यमिक शाळांना ‘भारतनेट’मधून इंटरनेट देण्याची घोषणा झाली.

महाराष्ट्रात २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमानंतर डिजिटल शाळांची लाट आली. ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाडा या आदिवासी पाड्यावरील शाळेचे उदाहरण राज्यभर सांगितले गेले. मात्र पायाभूत चित्र अजून अपुरे आहे. ‘यूडायस प्लस’च्या आकडेवारीनुसार देशात संगणक असलेल्या शाळांचे प्रमाण २०२३-२४ मध्ये ५७.२ टक्के आणि इंटरनेट असलेल्यांचे ५३.९ टक्के होते. पुढच्या वर्षी ते अनुक्रमे ६४.७ आणि ६३.५ टक्क्यांवर गेले. म्हणजे वाढ वेगवान असली तरी तीनपैकी एका शाळेत अजूनही इंटरनेट नाही.

इतर देशांचा अनुभव काय सांगतो?

हा प्रयोग सर्वात मोठ्या प्रमाणावर आणि सर्वात आधी केला तो ब्रिटनने. २००३-०४ च्या सुमारास लंडनमधील माध्यमिक शाळांना संवादी फळ्यांसाठी खास निधी मिळाला आणि त्याचे मूल्यमापन लंडनच्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन’कडे सोपवण्यात आले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अहवालाला फळे आल्यानंतरच्या पहिल्या वर्षात इंग्रजी, गणित आणि विज्ञानाच्या गुणांवर कोणताही ठोस परिणाम आढळला नाही. मुलांना आणि शिक्षकांना फळा आवडला होता, वर्गात उत्साहही होता. पण अनेक ठिकाणी शिक्षक आधी तयार केलेल्या चित्रफिती झपाट्याने पुढे सरकवत राहिले आणि मुलांचे प्रश्न कमी झाले. काही वर्गांत एकेका मुलाला फळ्यापाशी बोलावण्याला ‘संवाद’ मानले गेले. एक जण फळ्यावर असताना बाकीचे नुसते वाट पाहत बसले.

इंग्लंडमधीलच प्राथमिक शाळांच्या दुसऱ्या एका पाहणीत पहिल्या वर्षी गुणांत थोडी वाढ दिसली, ती दुसऱ्या वर्षी टिकली नाही. नवलाई ओसरली, की पुन्हा शिकवण्याचाच कस लागतो, असा त्याचा अर्थ निघतो. ‘ओईसीडी’ने २०१५ मध्ये ‘पिसा’ चाचण्यांच्या आधारे नोंदवले, की शिक्षणातील माहिती-तंत्रज्ञानावर भरघोस खर्च करणाऱ्या देशांत वाचन, गणित व विज्ञानात लक्षणीय सुधारणा झालेली नाही. शाळांचे डिजिटलीकरण करण्यात आघाडीवर असलेल्या स्वीडनने तर २०२३ मध्ये छापील पाठ्यपुस्तकांसाठी वेगळा निधी दिला. त्याच वर्षी ‘युनेस्को’च्या जागतिक शिक्षण अहवालानेही, हे तंत्रज्ञान कोणाच्या अटींवर वापरायचे, असा प्रश्न शीर्षकातच विचारला.

मग तंत्रज्ञान निरुपयोगी आहे का?

तसे म्हणता येत नाही. पाकिस्तानातील पंजाब प्रांतात झालेला एक अभ्यास या संदर्भात महत्त्वाचा आहे, कारण तिथली सरकारी शाळा आपल्याकडच्या शाळेच्या बरीच जवळची आहे. आठवीच्या वर्गांत पडदा बसवला, शिक्षकांना टॅब्लेट दिले आणि अभ्यासक्रमाशी जुळणाऱ्या गणित-विज्ञानाच्या छोट्या चित्रफिती व प्रश्न पुरवले. शिक्षक शिकवताना मध्येच चित्रफीत दाखवत, थांबवत, समजावून सांगत. अवघ्या चार महिन्यांत मुलांच्या गुणांत चांगली वाढ झाली. त्याच अभ्यासकांनी तपासलेल्या दुसऱ्या उपक्रमात शिक्षकाला बाजूला ठेवून टॅब्लेट थेट मुलांच्या हाती दिले गेले. तिथे गुण उलट घसरले.

दिल्लीतील अभ्यासाने आणखी एक बाजू दाखवली. शाळेबाहेरील केंद्रांत संगणकावर प्रत्येक मुलाला त्याच्या प्रत्यक्ष पातळीनुसार गणित आणि हिंदीचे प्रश्न मिळाले, सोबत लहान गटात शिकवणीही झाली. साडेचार महिन्यांत दोन्ही विषयांत स्पष्ट प्रगती दिसली. आठवीतल्या ज्या मुलाला तिसरीचा भागाकार येत नाही, त्याला भागाकारापासून सुरुवात करून देणे हे या यशाचे मर्म होते. मोठा पडदा हे आपोआप करत नाही. तो सगळ्या वर्गाला एकाच वेळी एकच गोष्ट दाखवतो आणि मागे पडलेले मूल तसेच मागे राहते.

‘व्हीआर’ चष्म्यांचे काय?

आभासी जगात शिरल्यावर मुले भारावतात, पण भारावणे म्हणजे शिकणे नव्हे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधील संशोधकांच्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी तीच आभासी विज्ञान प्रयोगशाळा एकदा साध्या संगणकावर आणि एकदा व्हीआर चष्म्यातून अनुभवली. चष्म्यातून ‘तिथे असल्याची’ जाणीव अधिक झाली, मात्र शिकणे कमी झाले. मेंदूवर पडणारा आकलनाचा ताण वाढल्याचे मापनातही दिसले.

याचा अर्थ चष्मा कायमचा बाद असा नाही. हृदयाच्या कप्प्यांची रचना, अवकाशातील अंतरे, धोकादायक यंत्रावरचे प्रशिक्षण अशा जागेची जाण लागणाऱ्या विषयांत त्याचा उपयोग होऊ शकतो. परंतु चष्म्यांची संख्या, त्यांचे चार्जिंग, स्वच्छता आणि लहान मुलांचे वय हे प्रश्न उरतातच. ‘मेटा’सारखी उत्पादक कंपनीही आपल्या चष्म्यासाठी किमान दहा वर्षांची अट घालते. गुगलने शाळांसाठी सुरू केलेली ‘एक्सपिडिशन्स’ ही आभासी सहलींची सेवा २०२१ मध्ये बंद झाली. अशा सेवेवर बेतलेली साधने त्या दिवसापासून कपाटात जातात, हा धोकाही खरेदीपूर्वी पाहावा लागतो.

आपल्या शाळांत अडचण कुठे आहे?

पहिली अडचण विजेची आणि देखभालीची. पॅनेलसाठी एकदाच मोठी रक्कम मिळते. पुढचे वीजबिल, इन्व्हर्टरची बॅटरी, पावसाळ्यात बिघडलेला भाग आणि संपलेली वॉरंटी यांचा भार मुख्याध्यापकांवर येतो. थकीत बिलापोटी जिल्हा परिषद शाळांची वीज तोडल्याच्या बातम्या राज्यात अनेकदा येऊन गेल्या आहेत. दोन वर्गांसाठी वर्षाला मिळणारे ३८ हजार रुपये म्हणजे महिन्याला सव्वातीन हजारांपेक्षाही कमी. त्यात वीज, इंटरनेट आणि दुरुस्ती हे सारे बसवणे अवघड आहे.

दुसरी, आशयाची. पॅनेलसोबत येणारा तयार अभ्यासक्रम अनेकदा इंग्रजी किंवा हिंदीतून असतो आणि बालभारतीच्या धड्यांशी जुळतोच असे नाही. ‘दीक्षा’वर मराठी साहित्य आहे, मात्र ते निवडून पाठाच्या आराखड्यात बसवायला शिक्षकाला वेळ हवा. राज्यातील हजारो लहान शाळांत एक-दोन शिक्षक चार-पाच इयत्ता सांभाळतात, शिवाय ऑनलाइन माहिती भरणे आणि निवडणुकीची कामे त्यांच्याकडेच असतात. तिसरी अडचण प्रशिक्षणाची. पुरवठादाराच्या माणसाने बटणे दाखवली, की बहुतेक ठिकाणी प्रशिक्षण संपले असे मानले जाते. अपूर्णांक शिकवताना पडद्यावर काय दाखवायचे, कुठे थांबायचे आणि कोणता प्रश्न विचारायचा, हे त्यात येत नाही.

साधन हाती आले म्हणून ते शिकण्यासाठीच वापरले जाते असेही नाही. ‘असर २०२४’ अहवालानुसार १४ ते १६ वयोगटातील ८० टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. पण पाहणीच्या आधीच्या आठवड्यात तो अभ्यासाशी संबंधित कामासाठी वापरणारे सुमारे ५७ टक्के, तर समाजमाध्यमांसाठी वापरणारे सुमारे ७६ टक्के होते.

पुढे काय करता येईल?

खरेदीचा क्रम बदलणे हा सर्वात स्वस्त उपाय आहे. आधी कोणत्या इयत्तेत, कोणत्या विषयात, कोणता घटक मुलांना अवघड जातो ते ठरवायचे. मग त्यासाठी पडदा हवा की ठोकळे आणि वाचनाची पुस्तके हवीत, हे पाहायचे. निविदेतच पाच वर्षांची देखभाल, इंटरनेटशिवाय चालणारा मराठी आशय आणि वर्गात येऊन दिले जाणारे शिक्षक-प्रशिक्षण यांचा समावेश करता येतो. किती पॅनेल बसवली याऐवजी ती आठवड्यात किती तास आणि कशासाठी चालली, शिवाय मुलांच्या वाचन-गणितात काय फरक पडला, याची नोंद तालुका पातळीवर ठेवली तर पुढच्या खर्चाला आधार मिळेल.

खासगी शाळांतील मूल घरीही पडदा पाहते. पाड्यावरच्या मुलासाठी शाळेतला पडदा हीच अनेकदा बाहेरच्या जगाची एकमेव खिडकी असते. त्यामुळे सरकारी शाळेतले पॅनेल बंद पडून धूळ खात राहिले, तर सर्वात मोठे नुकसान त्याच मुलाचे होते. साधन पोहोचवण्याचे काम बऱ्याच अंशी झाले आहे. ते चालू ठेवण्याची आणि त्यातून शिकवू शकणारा शिक्षक घडवण्याची तरतूद मात्र अजून अंदाजपत्रकात शोधावी लागते.