काठाची राखण

व्हिडीओ गेम म्हटला की घरातल्या वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांपुढे नुसती बटणांची बडवाबडवी उभी राहते. पण निन्टेंडोच्या २००१ सालच्या ‘सुपर स्मॅश ब्रदर्स मेली’ या खेळात नुसत्या बडवाबडवीने काही साधत नाही. या खेळाच्या स्पर्धा आजही भरतात आणि चित्र दिसायला उशीर नको म्हणून अनेक खेळाडू अजूनही जुने, पिक्चर ट्यूबचे टीव्हीच पसंत करतात.

खेळ समजायला सोपा आहे. लढत होते अधांतरी चौथऱ्यावर. मार बसेल तशी गड्याची टक्केवारी वाढते आणि टक्केवारी जास्त, तितका तो पुढच्या फटक्याने लांब उडतो. पडद्याच्या हद्दीपलीकडे गेला की एक जीव गेला. स्पर्धेत बहुधा प्रत्येकाला ४ जीव असतात. मात्र चौथऱ्याबाहेर उडालेला गडी लगेच बाद होत नाही. हवेतली दुसरी उडी आणि वर झेपावण्याची खास चाल वापरून तो परत येऊ पाहतो. त्याला येऊ न देणं म्हणजे ‘एज-गार्डिंग’, काठाची राखण.

या राखणीत खरी कसोटी लागते ती झपकन खाली येणाऱ्या पात्रांची. फॉक्स हा कोल्हा आणि फाल्को हा पक्षी त्यांतले नामांकित. फॉक्स काठावरून उतरतो, दगडासारखा खाली येतो आणि ‘शाईन’ नावाची चाल करतो. ती बटण दाबताच लागते. प्रतिस्पर्धी आणखी बाहेर ढकलला जातो. तलवारबाज मार्थची झेप उंच जाते, पण आडवी फारशी पोचत नाही. त्यामुळे एवढा धक्काही त्याला पुरतो. शाईन करताना फॉक्सचं पडणं क्षणभर थांबतं आणि तिच्यातूनच दुसरी उडी मारून तो चौथऱ्यावर परततो.

गोम आहे ती या दुसऱ्या उडीत. ती आधीच खर्च झाली असेल, तर वर यायला उरते ती आगीची झेप. तिला पेट घ्यायला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागतो आणि तेवढ्यात समोरचा सावध होतो. म्हणजे जो वेग शिकार मिळवून देतो, तोच शिकाऱ्याला खड्ड्यात घालतो. कबड्डीतल्या चढाईसारखंच हे. गडी बाद केला, पण मध्यरेषा गाठली नाही, तर उपयोग काय?

म्हणून जाणकार पुष्कळदा बाहेर जातच नाहीत. काठावरून खाली सरकून ते स्वतःच काठ धरून लोंबकळतात. मेलीमध्ये काठ एका वेळी एकालाच धरता येतो, त्यामुळे परतणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. (२०१४ च्या आवृत्तीपासून मात्र मागून आलेला पहिल्याला ढकलून काठ घेतो.) वेगाने पडणाऱ्याला काठ चटकन गाठता येतो. फक्त स्टिक खाली दाबून ठेवली, तर काठ हाती येत नाही. ती वेळेवर सोडावी लागते.

तेव्हा घरातल्या खेळाडूंनी बाहेर झेप घेण्याआधी दोन प्रश्न विचारावेत. समोरच्याकडे परतायला काय उरलं आहे? आणि आपल्याकडे? दुसऱ्याचं उत्तर ‘काही नाही’ असेल, तर काठावर थांबावं. तिथे थांबूनही जीव घेता येतो आणि आपला राखता येतो.