पहिली पाच मिनिटे

सिनेमाला उशिरा पोहोचणे हा आपल्याकडे काही अपराध मानीत नाहीत. निघता निघता दूध उतू जाते, धाकट्या चिरंजीवांचा एक बूट सापडत नाही आणि अकोल्याच्या रिक्षाही नेमक्या त्याच वेळी अदृश्य होतात. अंधारात चाचपडत खुर्ची गाठली की शेजारच्याला विचारावयाचे, "फार झाला का जी?" तो भला गृहस्थ म्हणतो, "नाही जी, आत्ताच सुरू झाला," आणि तोवरची गोष्ट एका वाक्यात सांगूनही टाकतो. मग बिघडले कोठे?

गोष्ट चुकत नाही हे खरे. चुकतो तो सूर. गवई बैठकीला बसला की आधी षड्ज लावतो आणि पुढचा सारा राग त्याच्या आधाराने उभा राहतो. चित्रपटाची पहिली पाच मिनिटे म्हणजे तो षड्ज. आता हसावयाचे, घाबरावयाचे की हात जोडावयाचे, हे तेथेच ठरते.

'प्रभात'ची मंडळी हे पक्के जाणून होती. शांतारामबापूंच्या 'अमृतमंथन'मध्ये (1934) आरंभीच चंडिकेचे मंदिर येते आणि राजगुरू झालेल्या चंद्रमोहनचा एकच डोळा सारा पडदा व्यापून टाकतो. तो डोळा पाहिल्यावर धर्माच्या आडून क्रौर्य येणार, हे कोणी समजावून सांगावे लागत नाही. दोनच वर्षांनी दामले-फत्तेलालांनी 'संत तुकाराम' (1936) काढला. त्यात डोळे वटारणे नाही की घाई नाही. विष्णुपंत पागनीस भजनात हरवलेले दिसतात. लगेच सालोमालो तोच अभंग स्वतःचा म्हणून देवळात आळवतो. शब्द तेच, पण एकाच्या तोंडी भक्ती आणि दुसऱ्याच्या तोंडी मिरवणूक! झगडा कशाचा आहे, हे प्रेक्षकाला बसल्याबसल्या कळते.

कधी कधी दिग्दर्शक मुद्दामच वेगळा सूर लावतो. नागराज मंजुळे यांचा 'सैराट' (2016) क्रिकेटच्या सामन्याने आणि माईकवरच्या गमतीदार समालोचनाने सुरू होतो. थेटर हसू लागते. कोणी म्हणेल, ही तर फसवणूक! पण त्या दोघांचा आनंद आधी आपला झाला, म्हणूनच अखेरची शांतता सोसवत नाही.

आता आपल्या कापसाच्या रानाकडे येऊ. सतीश मनवर यांच्या 'गाभ्रीचा पाऊस'च्या (2009) नावातच पावसाला घातलेली वऱ्हाडी शिवी आहे. गोष्ट सुरू होते ती शेजारच्या शेतकऱ्याच्या आत्महत्येने. मग किसनाच्या (गिरीश कुलकर्णी) बायकोच्या, अलकाच्या (सोनाली कुलकर्णी) मनात धास्ती शिरते, की उद्या आपल्या धन्याने असेच काही केले तर? ती त्याला गोडधोड करून घालते, मुलाला त्याच्या पाळतीवर ठेवते, आणि त्या बापड्याला या लाडाचे कारण उमगत नाही. प्रेक्षक हसतो; पण प्रत्येक हसण्याखाली ते पहिले मरण असते.

उशिरा आलेल्याला मात्र हा एका भाबड्या बाईचा फार्स वाटेल. शेजाऱ्याला विचारले तर तो सांगेल, "काही नाही जी, एक शेतकरी मेला." माहिती अगदी बरोबर! वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात आपण हीच माहिती कितीदा वाचली आणि पान उलटले. ते 'काही नाही' पुसून टाकण्यासाठीच तर दिग्दर्शकाने सुरुवात तेथून केली आहे.

अलीकडे सिनेमा घरात आला, खिशातल्या फोनवर आला. उशीर होण्याचे भय उरले नाही. तरी बोट चटकन पुढे सरकते आणि आरंभ उडवून देते. या दिवाळीत सारे घर एकत्र चित्रपट पाहावयास बसेल तेव्हा चकलीचा डबा आधीच मधोमध ठेवावा, गप्पा आवराव्यात आणि पहिली पाच मिनिटे गुमान पाहावीत. पुढे मध्ये उठून चहा टाकला तरी चालेल.