'मोर्चा' हा शब्द खोडायचा का?

मी कॉन्व्हेंटची. शाळेत मराठी आठवड्यातून चार तास, तेही पी.टी.च्या नंतरचे, झोपाळलेले. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. पण हा लेख इंग्लिश सेक्शनला द्यायचाच नव्हता.

दिवाळीच्या सुट्टीनंतर बॉईज हॉस्टेलच्या मेसच्या दारावर एक कागद लागला होता, तो तुम्ही सगळ्यांनी वाचला असेल. 'आपल्या एका मित्राचा अपघात झाला आहे. सढळ हाताने मदत करा.' तो मी लिहिला होता. आणि त्यातली एक ओळ मी स्वतःच खोडली होती. ती ओळ होती : 'शेतकऱ्यांच्या मोर्चात पाणी वाटताना'.

झालं असं. आमच्या एन.एस.एस. ग्रुपमधला फायनल इयरचा एक मुलगा सुट्टीत गावी गेला. (नाव लिहू नकोस म्हणालाय.) घरी सोयाबीन. २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये, पण त्याच्या वडिलांना व्यापाऱ्याने दिले ३,९००. हमीभाव केंद्रावर ओलावा बारा टक्क्यांच्या आत लागतो, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात जो पाऊस झाला त्यानंतर बारा टक्के कुठून आणायचे? आपण लॅबमध्ये मॉइश्चर कंटेंट काढतो आणि दहापैकी आठ मार्क मिळवून विसरतो. तिथे त्याच आकड्यावर घरची दिवाळी अवलंबून असते, हे मला त्याच्याकडूनच कळलं.

तर तालुक्याला रास्ता रोको होता. हा घोषणा देणाऱ्यातला नाही. एन.एस.एस.ची सवय म्हणून पाण्याचे जार उचलत होता. मोर्चा उठल्यावर ट्रॅक्टर वळवताना ट्रॉली मागे आली आणि हा तिच्या आणि दुसऱ्या ट्रॉलीच्या मध्ये सापडला. मांडीचं हाड मोडलं, नडगीवर उघडी जखम. लाठीमार नाही, काही नाही. टीव्हीवर दाखवण्यासारखं काहीच घडलं नाही.

त्याला उचलून नेणाऱ्या पोरांनी दवाखान्यात सांगितलं, "शेतात पडला." मोर्चा म्हटलं की पोलीस केस होईल, पुढे नोकरीच्या वेळी नडेल, ही भीती. काकांनीही मान हलवली. आता या खोट्याची किंमत बघा. मे २०२५ पासून केंद्र सरकारची योजना आहे : रस्त्यावर मोटार वाहनाने अपघात झाला तर ठरवून दिलेल्या हॉस्पिटलांत सात दिवसांपर्यंत, दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचार. ट्रॅक्टर हे मोटार वाहनच, आणि तो पडला तो रस्त्यावरच. पण पोलिसांकडून अपघाताची खात्री व्हावी लागते, आणि कागदावर तर 'शेतात पडला'! आम्हाला ही योजना कळेपर्यंत नववा दिवस उजाडला होता. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचं संरक्षण आहे, पण ते हॉस्पिटल त्या यादीत नव्हतं. रॉड टाकून झाला होता. बिल झालं दोन लाख चाळीस हजार.

आणि एवढं होऊनही मी मेसच्या दारावर तेच केलं! रूममेट म्हणाली, "मोर्चा लिहिलंस तर अर्धे लोक पैसे देणार नाहीत." मला पटलं. खोडलं.

दोन दिवसांनी त्याला कुणीतरी कागदाचा फोटो पाठवला. त्याचा फोन आला. "अगं, मी काय चोरी करायला गेलो होतो का? मी कुठे पडलो ते लिही. त्यावर जेवढे येतील तेवढे घेईन." मी गप्प. दुसऱ्या दिवशी नवीन कागद लावला, पूर्ण ओळीसकट.

रूममेटचं भाकीत अगदीच चुकलं नाही. एका विंगने सरळ सांगितलं की आम्ही राजकारणाला पैसे देत नाही. एकाने तर दिलेले शंभर परत मागितले. दिले. पण मेसच्या मामांनी, ज्यांना आधी पत्ताच नव्हता, पाचशे आणून दिले, कारण त्यांचा भाऊ तिकडेच सोयाबीन करतो. आणि आमचे एक सर, जे वर्गात कर्जमाफीला उघड नावं ठेवतात, त्यांनी दोन हजार दिले. वर म्हणाले, "मोर्चा मला पटत नाही. पाय पटतो."

मला हेच म्हणायचंय. मदत म्हणजे मत नव्हे. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून शेतकऱ्यांचा लाँग मार्च मुंबईला आला, तेव्हा मी सातवीत होते. सुमारे १८० किलोमीटर चालून सोललेले पाय आम्ही पेपरात पाहिले. दहावीची परीक्षा होती म्हणून ते लोक दिवसा न निघता रात्रीच सायनहून आझाद मैदानाकडे चालत गेले. माझी ताई त्या वर्षी दहावीला होती. मुंबईकरांनी पाणी दिलं, बिस्किटं दिली, चपला दिल्या, आणि चपला देण्याआधी कुणी वनहक्क कायद्यावर मत विचारलं नाही. पण ते लोक शेतकरी आहेत आणि मोर्चाने आलेत हे तर सगळ्यांना दिसत होतं! कुणी ते झाकलं नव्हतं. आम्ही मात्र माणूस ठेवून त्याचं कारण पुसायला निघालो होतो.

ज्यांनी पैसे दिले नाहीत त्यांच्यावर माझा राग नाही. निदान त्यांनी काय ते कळून नकार दिला. पहिल्या कागदावर विश्वास ठेवून ज्यांनी दिले, त्यांना मी फसवलं होतं. त्या सगळ्यांना, एकूण त्रेचाळीस जणांना, आम्ही खोलीवर जाऊन विचारलं, "परत हवेत का?" वर लिहिलेला एकच 'हो' म्हणाला. शाळेत आमच्या सिस्टर पुअर फंडचा डबा देताना बजावायच्या की तो कुणाच्या तोंडासमोर हलवायचा नाही. तेव्हा हसू यायचं.

आजपर्यंत ८७,४३० रुपये जमले. पैकी ८०,००० हॉस्पिटलला थेट भरले, पावती कागदाशेजारी चिकटवली आहे. उरलेले फिजिओथेरपीला. हिशेबात तीनशे रुपये जास्त येताहेत; कुणी दिले आणि नोंदवले नाहीत, त्यांनी रेक्टर मॅडमच्या ऑफिसात सांगावं. तो जानेवारीत कुबड्यांवर येतोय. तळमजल्यावरची खोली कुणी बदलून देईल का, एवढं मात्र अजून ठरायचंय.