टाकी कोरडी पडते तेव्हा

गेवराई तालुक्यातल्या उमापूरसारख्या गावातल्या मुलामुलींनाही आता वैमानिक व्हावेसे वाटते. बारामती, धुळे, गोंदिया इथल्या प्रशिक्षण संस्थांची चौकशी होते, घरचे कर्जाची जुळवाजुळव करतात. व्यावसायिक परवान्यासाठी 200 तासांचे उड्डाण लागते आणि त्यातले बहुतेक तास एका इंजिनाच्या छोट्या विमानात जातात. घरच्यांना धास्ती असते ती वादळाची, यंत्र बिघडण्याची. टाकीच कोरडी पडेल, असे कुणाच्या मनातही येत नाही.

पण तसे घडते, आणि वारंवार घडते. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या 2011 ते 2015 या काळातील पाहणीनुसार खासगी व छोट्या विमानांचे वर्षाला सरासरी पन्नासहून अधिक अपघात इंधनाच्या हलगर्जीतून झाले. त्यातल्या 56 टक्के अपघातांत इंधन खरोखरच संपले होते. 35 टक्के अपघातांत ते विमानात होते, पण इंजिनापर्यंत पोहोचले नाही. एक टाकी रिकामी झाल्यावर दुसरीकडे खटका फिरवायचा राहून गेला, असे प्रकार त्यात येतात. या अपघातांत शिकाऊ वैमानिक जेमतेम 2 टक्के होते, तर व्यावसायिक किंवा त्याहून वरचा परवाना असलेले 48 टक्के. नवखेपणापेक्षा सवयीतून आलेला फाजील विश्वास अधिक घातक ठरतो, असाच याचा अर्थ आम्ही लावतो.

हिशेब अवघड नसतो. प्रशिक्षणात सर्रास वापरल्या जाणाऱ्या सेसना 152 च्या टाक्यांत वापरता येण्याजोगे इंधन साधारण 93 लिटर मावते आणि तासाला ढोबळमानाने 23 लिटर जळते. ताशी 100 सागरी मैल वेगाने 200 मैलांचे अंतर दोन तासांत कापले जाते. समोरून 25 मैलांचा वारा लागला, की त्यालाच दोन तास चाळीस मिनिटे लागतात आणि पंधरा लिटर जास्त जातात. मुक्कामी पोहोचल्यावरही दिवसा 30 आणि रात्री 45 मिनिटांचे इंधन शिल्लक असावे, हा दंडक आहे. तो पाळायचा तर टाकीत मुळात किती आहे हे ठाऊक हवे, आणि छोट्या विमानातला इंधनकाटा त्या बाबतीत भरवशाचा नसतो. म्हणून उड्डाणाआधी पंखापर्यंत चढून, झाकण उघडून, खुणांची पट्टी टाकीत बुडवून पाहायची असते. दोन मिनिटांचे काम, पण घाईत पहिली काट मारली जाते ती त्यालाच.

मोठी विमानेही यातून सुटलेली नाहीत. 15 नोव्हेंबर 1993 रोजी मद्रासहून हैदराबादला निघालेले इंडियन एअरलाइन्सचे एअरबस विमान धूसर हवेमुळे तिथे उतरू शकले नाही. पंखांच्या झडपा अडकून राहिल्याने परतीच्या वाटेवर इंधन भराभर जळाले आणि विमान तिरुपतीजवळ भातशेतात उतरवावे लागले. आतले सर्व 262 जण वाचले, हे नशीब. पर्यायी विमानतळाचा निर्णय आणखी लवकर व्हायला हवा होता, हे मात्र नशिबावर ढकलता येणार नाही.

प्रशिक्षण संस्थांनी एवढे तरी करावे: पट्टीने मोजलेले लिटर प्रत्येक उड्डाणाच्या नोंदवहीत लिहून घ्यावेत, आणि इंधन कमी वाटले म्हणून वाटेत उतरलेल्या शिकाऊ वैमानिकाला त्याबद्दल कधीही बोल लावू नये.