एका किलोचे अंतर

दिनांक ७ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये महिलांच्या ४९ किलो वजनी गटाची भारोत्तोलन स्पर्धा झाली. मीराबाई चानूने स्नॅचमध्ये ८८ आणि क्लीन अँड जर्कमध्ये १११ असे एकूण १९९ किलो वजन उचलले. थायलंडच्या सुरोत्चना खंबावने २०० किलो उचलून कांस्यपदक मिळविले. अखेरच्या प्रयत्नात मीराबाईने ११४ किलोला हात घातला. ते वजन पेलले गेले असते तर पदक तिचे होते. ते पेलले गेले नाही आणि भारताच्या वाट्याला चौथा क्रमांक आला. एका किलोने पदक हुकले, याची हळहळ देशभर व्यक्त झाली. परंतु दोन दिवस हळहळून विसरून जाणे ही आपल्या समाजाची जुनी खोड आहे. या एका किलोचा विचार त्याहून अधिक गांभीर्याने व्हायला हवा.

महिला भारोत्तोलनाचा हा सर्वांत हलका गट म्हणजे जागतिक क्रीडाक्षेत्रात भारताने स्वकष्टाने मिळविलेली जागा आहे. महिलांची पहिली जागतिक स्पर्धा १९८७ साली झाली आणि अवघ्या दोन वर्षांत, १९८९ मध्ये, मणिपूरच्या कुंजराणी देवीने मँचेस्टरच्या जागतिक स्पर्धेत तीन रौप्यपदके मिळविली. सिडनी येथे २००० साली महिला भारोत्तोलनाला ऑलिंपिकचे दार उघडले, तेव्हा ६९ किलो गटात करनम मल्लेश्वरी कांस्यपदक जिंकून ऑलिंपिक पदक मिळविणारी पहिली भारतीय महिला ठरली. कुंजराणीची कथा वाचून इम्फाळजवळच्या नोंगपोक काकचिंग गावातील एका मुलीने भारोत्तोलनाची वाट धरली. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तिचे क्लीन अँड जर्कचे तिन्ही प्रयत्न फसले. दुसरी एखादी खचून गेली असती. मीराबाईने पुढच्याच वर्षी ४८ किलो गटाचे जागतिक अजिंक्यपद मिळविले आणि २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये, स्पर्धेच्या पहिल्याच दिवशी, २०२ किलो वजन उचलून रौप्यपदक देशाला अर्पण केले. त्यात ११५ किलोचा भार होता. म्हणजे स्वतःच्या वजनाच्या दुपटीहून अधिक!

या यशामागे कोण उभे होते? सरावासाठी इम्फाळला जाणाऱ्या या मुलीला वाळूच्या ट्रकमधून नेणारे चालक. टोकियोहून परतल्यावर मीराबाईने त्यांना शोधून काढले आणि भोजन देऊन त्यांचा सन्मान केला. सरकारी योजना पोहोचण्यापूर्वी समाज तिच्या पाठीशी उभा राहिला होता, हे ती विसरली नाही. मे २०२३ पासून मणिपूर हिंसाचारात होरपळू लागले, तेव्हा परदेशात सराव करीत असलेल्या याच मीराबाईने शांततेसाठी पंतप्रधानांना साद घातली. तिच्या पदकाने आनंदित झालेल्या उर्वरित देशाला तिच्या प्रांताचे दुःखही तितकेच आपले वाटले का, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा. पूर्वांचलाची आठवण केवळ पदकापुरती होत असेल, तर ती आत्मीयता नव्हे.

आता नवे आव्हान समोर आहे. सिडनीपासून रिओपर्यंत महिलांचा सर्वांत हलका ऑलिंपिक गट ४८ किलोचा होता, टोकियो आणि पॅरिसमध्ये तो ४९ किलोचा झाला. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी मात्र सर्वांत हलका गट ५३ किलोचा ठरविण्यात आला आहे. ज्या गटात भारताचा दबदबा होता, तो गटच ऑलिंपिकमधून नाहीसा झाला! चार-पाच किलोंचा हा फरक कागदावर किरकोळ दिसतो. प्रत्यक्षात तेवढे वजन स्नायूंच्या रूपाने कमवावे लागते, त्यासाठी काही वर्षांचा सकस आहार आणि शास्त्रशुद्ध सराव लागतो, आणि त्या गटात उचलावयाचा भारही वाढलेला असतो. मीराबाईने २०२५ च्या जागतिक स्पर्धेत ४८ किलो गटात १९९ किलो उचलून रौप्यपदक मिळविले, ही तिची जिद्द वंदनीयच. पण एकाच खांद्यावर देशाने किती काळ भार टाकायचा?

गुणवत्तेची वाण आपल्याकडे नाही. २०२२ मध्ये ग्रीसमधील हेराक्लिऑन येथे आपल्या वडगाव मावळच्या हर्षदा गरुडने ४५ किलो गटात १५३ किलो उचलून जागतिक कनिष्ठ अजिंक्यपद जिंकले. असा मान मिळविणारी ती पहिली भारतीय. एका लहान गावातील व्यायामशाळेतून हे घडते, ही महाराष्ट्राच्या दृष्टीने अभिमानाची गोष्ट आहे. मात्र ४५ किलोपासून ५३ किलोपर्यंतचा प्रवास केवळ सत्कारांच्या हारतुऱ्यांनी होत नाही. तेथे दूध, अंडी, डाळी यांचा रोजचा खर्च असतो, दुखापतीवर वेळेत उपचार करणारा तज्ज्ञ हवा असतो आणि पाच-सात वर्षे धीर धरणारा प्रशिक्षक हवा असतो. हा धीर सुटला की आडवाटेचा मोह होतो. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये उत्तेजक द्रव्यांपायी भारतीय भारोत्तोलनाची मान जगापुढे खाली गेली, तो धडा विसरता येणार नाही.

म्हणून शासन आणि क्रीडा संघटनांनी ५३ किलो गटाची दुसरी फळी आजच उभी करावी. पण सारे शासनावर सोपवून समाजाला मोकळे होता येणार नाही. गावोगावच्या व्यायामशाळांची दारे मुलींसाठी उघडावीत. सहकारी संस्था, दूध संघ आणि गणेशोत्सव मंडळे यांनी प्रत्येकी एका होतकरू मुलीच्या आहाराचे पालकत्व घ्यावे. घरातील ताटात मुलीच्या वाट्याला मुलाइतकेच वाढले जावे. पॅरिसमध्ये कमी पडलेला एक किलो मीराबाईच्या मनगटात कमी पडला, असे मानणे सोपे आहे. तो आपल्या सामूहिक सिद्धतेत कमी पडला असे मानले, तरच तो भरून निघेल.